बसायची मनाई

सकाळी दहाला कापडाच्या दुकानाचं शटर वर जाई आणि विक्रीला असलेल्या सहाही जणी आपापल्या काउंटरमागे उभ्या राहत. उभ्या म्हणजे उभ्याच! फळीला टेकायचं नाही, गठ्ठ्यावर बूड टेकवायचं नाही. स्टुलं होती, नाही असं नाही; चांगली गुबगुबीत होती, पण ती काउंटरच्या पलीकडे, गिऱ्हाइकांसाठी. अलीकडे बसायचे दोघेच, मालक आणि गल्ल्यावरचा त्यांचा मेहुणा. कुणी विचारलंच तर उत्तर ठरलेलं असे, "विकणारी बसलेली गिऱ्हाइकाला चालत नाही."

पडद्यांच्या काउंटरवरच्या बाईला सगळे 'कात्री' म्हणत. खूण न करता सहा मीटर कापड सरळ कापायची म्हणून. मालकांच्या मते जिभेमुळेही. तीन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या पायाच्या फुगलेल्या शिरांचं ऑपरेशन झालं होतं. वर्षभर पाय हलका वाटला आणि मग पोटरीवर पुन्हा निळ्या गाठी उठल्या. दुपारी तीननंतर पाय नुसता ओढून आणावा लागे. घोट्याजवळची कातडी काळी पडून खाजत होती. खालच्या फळीवरचे गठ्ठे नीट करायचं निमित्त काढून ती उकिडवी बसे. मनात वीस मोजेपर्यंत मालकांचं खाकरणं ऐकू येई.

घरी बोलायची चोरी. "एकदा झालं ना ऑपरेशन? मग आता काय?" नवरा म्हणे. जणू पायानेच दिलेला शब्द मोडला होता! तिलाही आपलंच काहीतरी चुकलं असं वाटत होतं.

पण एकदा सासूबाईंनी तो काळा डाग पाहिला. त्याच काउंटरवर त्या बावीस वर्षं उभ्या राहिल्या होत्या. सुनेला तिथे चिकटवलं होतं तेही त्यांनीच. आता त्यांच्या घोट्यावर सात वर्षांची जखम होती, भरायची आणि पुन्हा फुटायची.

"चल दवाखान्यात," त्या म्हणाल्या. "रजा नाही दिली तर ती नोकरी गेली खड्ड्यात. माझंही असंच सुरू झालं होतं."

डॉक्टरीणबाईंनी पाय उजेडात धरला. गुडघ्याखाली कातडीत रुतलेला एक लाल गोल वळ होता. "हे काय?"

"दाबाचा मोजा घालते ना. दुकानाच्या गणवेशाखालून घोट्याशी दिसतो, मालकांना चालत नाही. म्हणून वर ओढून घेते आणि वरची कड दोनदा दुमडते."

"अहो, दुमडला की तो तिथे दोरीसारखा आवळतो! खालचं रक्त वर चढणार कसं? कुणी शिकवलं हे?"

सासूबाई भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत राहिल्या.

"माझं ऑपरेशनच वाया गेलं का हो?" कात्रीने विचारलं. हा प्रश्न तिने दोन वर्षं गिळून ठेवला होता.

"वाया नाही गेलं. अशा शिरा पुष्कळांच्या परत येतात. कधी एखादी शीर मागे राहते, कधी शेजारची नव्याने बिघडते. आधी सोनोग्राफी करून रक्त कुठून उलटं येतंय ते बघू. मग सुईच्या भोकातून लेझरची तार घालून ती शीर आतून बंद करता येते. वेड्यावाकड्या शिरांना फेसाचं इंजेक्शन देता येतं. काही वेळा बारीक छेद देऊन काढाव्या लागतात. तुम्हाला कोणतं लागू पडेल ते सोनोग्राफी सांगेल."

"आणि नुसता मोजा?"

"त्याने ठणका कमी होतो, बिघडलेली शीर सुधारत नाही. पण कातडी काळी पडली आहे, आता थांबू नका. पुढची पायरी जखमेची असते." त्यांनी कागद ओढला. "उपचार मी करीन. पण तुम्ही पुन्हा दहा तास खांबासारख्या उभ्या राहणार असाल, तर त्रास पुन्हा वाढेल. बसायला जागा हवी, मधूनमधून चालायला हवं. लिहून देते."

दुसऱ्या दिवशी दुकानात मालकांनी तो कागद वाचला आणि घडी घालून परत दिला. "बसायचं तर घरी बस. तुझ्या सासूला पाय नव्हते का?"

कात्रीच्या डोळ्यांपुढे सासूबाईंच्या घोट्याची पट्टी आली आणि तिचं डोकंच फिरलं. तिने पलीकडचं एक स्टूल उचललं, काउंटरच्या आत ठेवलं आणि सगळ्यांदेखत त्यावर बसली. तेवढ्यात नेहमी येणाऱ्या एक बाई पडद्यांचं कापड घ्यायला आल्या. कात्रीने बसूनच गठ्ठा उलगडला, मापलं, कात्री लावली.

"ऊठ," मालक दातओठ खात म्हणाले.

"कापतेय. उठले तर कापड वाकडं जाईल."

कापड सरळ कापून झालं. "आता ऊठ!"

"नाही उठत."

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"येणार. आणि बसणार. काढायचं तर तसं लिहून द्या, 'बसली म्हणून काढली', आणि खाली सही करा."

गल्ल्यावर मेहुणा नोटा सोडून बघत राहिला. सासूबाई दाराशीच होत्या. सुनेच्या काळजीने मागोमाग आल्या होत्या. मालक त्यांच्याकडे वळले. "तुम्ही तरी सांगा हिला! तुम्ही बावीस वर्षं उभ्या होतात, कधी तक्रार केलीत?"

"नाही केली," सासूबाई म्हणाल्या. "मोजा दुमडायला हिला मीच शिकवलं, तुमच्या भीतीने. तेवढं पाप पुरे झालं. मी तिला ऊठ म्हणणार नाही."

मालकांचा चेहरा पडला. मग कसंनुसं हसून ते त्या बाईंना म्हणाले, "माफ करा हं, या लोकांना गिऱ्हाइकापुढे कसं वागावं ते कळतच नाही."

बाई गोंधळल्या. "मला पडदे हवेत हो. ती बसून देते की उभी राहून, मला काय करायचंय त्याच्याशी?"

म्हणजे इतकंच होतं ते! गिऱ्हाइकाला चालत नाही म्हणून एकीच्या घोट्यावर जखम झाली, दुसरीचा पाय काळा पडला. आणि गिऱ्हाइकाला कधी कुणी विचारलंच नव्हतं. त्या बाई किती वर्षं या दुकानात येत होत्या. तुम्ही-आम्हीही अशा दुकानांत जातोच की. पुढे केलेल्या स्टुलावर खुशाल बसतो आणि समोरच्या बाईला तासभर उभं ठेवून रंग निवडतो. 'बाई गं, तूही बस' एवढं आपण आपणहून आजवर कुणाला म्हटलंय?