गावातर्फे जामची बरणी

आमचा कायदा सांगते. दुसऱ्याच्या जमिनीतून वीस वर्षं न विचारता, उजळ माथ्याने चाललात, तर ती वाट सगळ्यांची होते. मालकाच्या परवानगीने चाललात, तर त्याचीच राहते. सभ्य माणसाला शिक्षा देणारा असला कायदा इंग्लंडातच होऊ शकतो.

ओढ्याकाठची आमची वाट गावातून चर्चच्या दफनभूमीकडे जाते. नव्या मालकाने, हॅथर्लीने, तिच्यावर फाटक ठोकलं. डांबरी रस्त्याने जावं तर कडेला पाय ठेवायला जागा नाही, ट्रक अंगावर येतात. माझ्या शेजारच्या विल्फ्रेडची बायको ऑड्री तिथे पुरलेली. दर रविवारी तो दुखरा गुडघा ओढत तिच्याकडे जायचा. म्हणून मी कौन्सिलकडे वाटेसाठी दावा लावला.

पाहणीला कौन्सिलची बाई आली. ती, विल्फ्रेड आणि मी ओढ्याकाठाने निघालो, मागून हॅथर्ली कुत्रा घेऊन. ओढा मुळांखालून मुकाट वाहत होता. आम्ही गावकरीही तसेच मुकाट, म्हणून तर कुणीही येतो आणि फाटक ठोकतो.

विल्फ्रेडला मी आधीच बजावलं होतं, "शिष्टाचार घरी ठेवून ये."

फाटकापाशी बाईने विचारलं, "इथून चालायला कधी कुणी परवानगी दिली होती?"

"छे!" मी म्हणाले.

विल्फ्रेडने टोपी काढली. म्हणजे शिष्टाचार घरी राहिला नव्हता.

"जुने मालक फार भले हो. दर नाताळला गावातर्फे मी त्यांना जामची बरणी द्यायचो. म्हणायचो, चालू देता, आभारी आहोत. ते म्हणायचे, खुशाल चाला."

बाईचं पेन थांबलं. "दरवर्षी?"

"एकही नाताळ चुकवला नाही!" गडी अभिमानाने सांगतो.

"अरे मूर्खा, अख्ख्या गावाची वाट बरणीत भरून देऊन आलास!"

"अगं ड्युल्सी, नुसतंच चालायचं म्हणजे बरं दिसत नाही ना."

"बरं दिसत नाही! त्या एका वाक्यावर हे लोक पिढ्यानपिढ्या आपल्या उरावर बसलेत!"

बाई खाली बघत म्हणाली, "आता दावा टिकणं कठीण आहे."

हॅथर्लीचा चेहरा लोण्यासारखा झाला. "अहो, मी काय राक्षस आहे? रविवारी या की. माझी परवानगी आहे."

"म्हण, थँक यू म्हण," मी विल्फ्रेडला डिवचलं. "लाजतोस कशाला? जाम आणू?"

त्याने टोपी परत डोक्यावर दाबली.

"माझी बायको आहे तिथे," तो हॅथर्लीला म्हणाला. "तिला भेटायला मी तुम्हाला विचारणार नाही."

आणि म्हातारा फाटकावर चढायला लागला. हॅथर्ली ओरडला, कुत्रा भुंकला. विल्फ्रेडचा गुडघा वरच्या फळीवर अडकला. मी खालून खांदा लावून त्याला वर रेटलं.

"हळू गं!"

"हळू कसलं? हे तोंड वीस वर्षांपूर्वी उघडलं असतंस, तर आज इथे फाटक नसतं, गाढवा. चढ!"