देवचंदची धुतलेली माती

देवचंदला कुठलीच गोष्ट आहे तशी चालत नसे. बायको शांतीबाईच्या भाजीत चव न बघताच मीठ टाकायची त्याची जुनी खोड. त्यामुळे नात पुष्पांजलीने नागपूरहून फोन करून आपल्या तलावाची किलोभर माती मागवली, तेव्हा शांतीबाईने कपाळाला हात लावला.

पुष्पांजली मातीवर संशोधन करत होती. अणुभट्टीत मोठा अपघात झाला, तर सीझियम नावाचं किरणोत्सारी द्रव्य शेतांवर येऊन पडतं. एखादी माती त्याला धरून ठेवते, पिकात जाऊ देत नाही. एखादी सोडून देते. कोणती धरते, ते तिला प्रयोगशाळेत तपासायचं होतं. एक माती अर्जुनी मोरगावहून देवचंद पाठवणार होता, दुसरी मुर्रीहून तिचे आईकडचे आजोबा, म्हणजे देवचंदचे व्याही.

व्याह्याचं नाव निघालं आणि देवचंद कामाला लागला. तलाव त्याच्या पणजोबांनी बांधलेला, त्याच्या पाळीतून, म्हणजे मातीच्या बांधातून, आजवर थेंब झिरपला नव्हता. पाणी धरणारी माती सीझियमलाही सोडणार नाही, याची त्याला खात्रीच होती. खटकत होती ती फक्त अभ्रकाची चमकी. चमकीची माती पाळीला चालत नाही, हे त्या घरात लहानपणीच शिकवतात. त्याने माती पाण्यात कालवली, जुन्या धोतरातून गाळली, चमकी परसात फेकली आणि लोण्यासारखा गोळा वाळवून रवाना केला.

वीस दिवसांनी फोन आला. मुर्रीची माती पहिली, आपली शेवटची. पुष्पांजलीचा आवाज पडला होता. तलावाच्या मातीत अभ्रक आहे, तीच घट्ट धरेल, असं तिने सरांना छातीठोकपणे सांगितलं होतं. जुन्या अभ्रकाचे पापुद्रे कडेला उसवतात, सीझियम त्या फटीत शिरतं आणि तिथेच अडकून बसतं.

"पण आबाजी, या मातीत अभ्रक दिसूनच नाई राहिला. माहं चुकलं, असंच लिहा लागन आता."

देवचंद गप्प बसला असता तर कुणाला कळलंही नसतं. शांतीबाई तूर निवडत होती, तिने मान वर केली नाही. कबूल केलं, तर व्याह्याने मात्र ते जन्मभर ऐकवलं असतं. पण चूक नातीच्या नावावर जाणार, हे त्याला सोसवेना.

"तुयं नाई चुकलं," तो म्हणाला. "मी धुतलो ते माती. चमकी काढून फेकलो."

पलीकडे पुष्पांजली पोट धरून हसत सुटली. आता न धुतलेली पाठवा, तिने बजावलं.

दुसऱ्या दिवशी पिशवीत मुळ्या, ढेकळं, एक गोगलगायीचा शंखही गेला. शंख तरी काढा, शांतीबाई म्हणाली.

"राहू दे. जशी हाय तशी जाऊ दे."

"मातीचं नशीब," शांतीबाई म्हणाली. "मायी भाजी चाळीस वर्सांत कधी जशी हाय तशी खाल्ले नाई तुमी."

देवचंदला ते लागलं. दुपारी त्याने मिठाच्या डब्याला हात न लावता घास घेतला. भाजी अळणी होती. तो टाकणारच, म्हणून शांतीबाई चाळीस वर्षं मीठ कमीच घालत आली होती.

त्याने ती तशीच खाल्ली, आणि वर थोडी मागूनही घेतली.