एकोणिसाव्या पानावरचा संप

आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये वाचनकट्टा भरतो. बारा खुर्च्या, बारा बायका आणि भिंतीवर एक पांढरा फळा. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकीने आपल्या नावापुढे त्या महिन्यात वाचायची पुस्तकं लिहायची आणि शेवटच्या रविवारी उभं राहून अभिप्राय द्यायचा. कट्टा चालवतात सुमनताई. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त होऊन त्यांना सहा वर्षं झाली, पण शाळेची घंटा अजून त्यांच्या अंगात वाजते. त्यांचा नियम असा, की सलग तीन महिने अभिप्राय दिला नाही तर फळ्यावरचं नाव पुसायचं आणि खुर्ची पुढच्या बाईला द्यायची. डी विंगमधली पिंकी दिवाळीपासून खुर्चीची वाट बघते आहे.

जानेवारीत मी माझ्या नावापुढे पाच पुस्तकं लिहिली. फेब्रुवारीत तीन लिहिली, मार्चमध्ये एक. त्यातलं एकही पुरं झालं नाही, आणि आता मार्चचा शेवटचा रविवार उद्यावर आला होता.

एक नाव पुसलं तर काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. पण माझं नाव मी चारचौघांसमोर पहिल्यांदा लिहिलं ते त्या फळ्यावर. चाकणच्या एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये मी बावीस वर्षं चपात्या लाटल्या. तिथे हात धुवायच्या जागी अभिप्रायाची वही टांगलेली असायची. एकदा तिच्यात कुणीतरी माझ्याबद्दल काहीतरी लिहिलं. सगळे वाचून हसले आणि मला कुणी सांगेना. तेव्हा, चोपन्नाव्या वर्षी, मी पिठाच्या परातीत बोटाने अक्षरं गिरवायला लागले. सात महिन्यांनी ती वही उघडून स्वतः वाचली. ‘मंजुळामावशीच्या चपातीने गाडीचं पंक्चर निघेल.’ राग आला, पण स्वतः वाचून आलेला पहिलाच राग तो. दिवसभर खुशीत होते.

पुढे दहा वर्षं अक्षर दिसलं की वाचत सुटायची सवय लागली. आणि या जानेवारीपासून पुस्तक उघडलं की अक्षरं नुसती बसून राहत. हातात कादंबरी होती चांगली जाडजूड. एकोणिसाव्या पानावर तिचा नायक खिडकीत उभा राहिला, तो तीन महिने उभाच. मी रोज तेच पान उघडायची, दोन ओळी वाचायची आणि पुन्हा पहिल्या ओळीवर यायची. मनात धास्ती बसली. उशिरा आलेली अक्षरं परत निघून तर चालली नाहीत? एकदा मुद्दाम बसथांब्यावर जाऊन उभी राहिले. आकुर्डी, चिंचवड, निगडी, सगळ्या पाट्या धडाधड वाचता आल्या. शेजारची बाई विचारते, “कुठं जायचंय, आजी?” मी म्हटलं, “कुठंच नाही, नुसतं बघतेय.” ती जरा लांब सरकली.

शनिवारी सकाळी चहाच्या वेळी मी सुनेला हे सांगितलं.

“आई, याला रीडिंग स्लम्प म्हणतात,” वर्षाली म्हणाली. “वाचायचं मनच होत नाही. सगळ्यांना येतो.”

आमचे मालक, बबनराव, पेपर वाचत होते. भोसरीच्या कारखान्यात प्रेस शॉपला, पत्रे ठोकायच्या खात्यात, तीस वर्षं आणि युनियनमध्ये पंचवीस. त्यांनी कान टवकारले.

“संप? कुणी केला?”

“संप नाही हो बाबा, स्लम्प.”

“तेच ते. मागण्या काय हायेत?”

“त्या माणसाने खिडकीतून हलावं,” मी म्हटलं.

“एवढीच? मग बोलणी कर. संप ताणून धरायचा नसतो. आमी एकदा चव्वेचाळीस दिवस ताणला, शेवटी हातात काय आलं? पंखे.”

“पंखे तरी आले ना?”

“दोन. त्यातला एक फिरत न्हाई.”

वर्षाली हसून हसून लाल झाली. मला मात्र हसू येईना. उद्याच्या दिवसात एखादं पातळसं पुस्तक संपवावं आणि अभिप्राय ठोकून द्यावा, म्हणून वॉचमनकडून किल्ली घेऊन मी क्लब हाउसमध्ये गेले. कट्ट्याचं कपाट उघडलं. सगळ्यांनी मिळून जमवलेली अठरा पुस्तकं. यातल्या प्रत्येकावर कुणी ना कुणी अभिप्राय दिलेला, मी स्वतः बसून ऐकलेला.

पहिलं उचललं, तर सत्ताविसाव्या पानावर बसचं तिकीट. दुसऱ्यात चौदाव्या पानावर गोळ्यांची रिकामी पट्टी. तिसऱ्यात चाळिसाव्या पानाचा कोपरा दुमडलेला आणि पुढचं सगळं कोरं करकरीत. मी खाली फरशीवरच बसले. एकेक करत अठराच्या अठरा बघितली. सहा पुस्तकं शेवटपर्यंत हाताळलेली होती. बाकीच्या बारांची गाडी पन्नाशीच्या आतच बंद पडलेली.

सगळ्यात जाड कादंबरी सुमनताईंची. त्यांनी जानेवारीत तिच्यावर पाऊण तास अभिप्राय दिला होता. शेवटच्या प्रकरणाला डोळ्यांना पदर लावला होता. तिच्यात एकतिसाव्या पानावर शिंप्याची पावती होती, वर सुमनताईंचं नाव. आणि शेवटच्या प्रकरणातली दोन पानं वरच्या कडेला एकमेकांना जोडलेलीच होती, छापखान्यात कापायची राहून गेलेली. ती फाडल्याशिवाय तिथलं कुणाला काही वाचताच येणार नव्हतं.

घरी येऊन मालकांना सांगितलं. ते खुर्चीतून उठलेच.

“हा तर पुरावा! पावती घेऊन जा उद्या. टाक टेबलावर. म्हणावं, आधी मॅनेजमेंटनं उत्तर द्यावं!”

“आणि त्यांचं तोंड बारकं झालं म्हणजे?”

“मग तुझं नाव राहील.”

“अशानं राहिलेलं नाव मला रोज बघवेल का?”

ते परत खुर्चीत बसले. मग म्हणाले, “तू युनियनमध्ये चालली नसतीस.”

पावती मी होती तिथेच ठेवून आले होते. रविवारी संध्याकाळी अकरा जणींनी अभिप्राय दिले. बाराव्या नंबरला सुमनताईंनी माझ्याकडे बघितलं. डस्टर त्यांच्या मांडीवर होतं.

“मंजुळाबाई, तुमचा तिसरा महिना. अभिप्राय आहे ना?”

“आहे. पण एका पुस्तकाचा नाही, आपल्या कपाटाचा.”

“कपाटाचा?”

मी उभी राहिले. “आमच्या कॅन्टीनमध्ये जयसिंग म्हणून सुपरवायझर होता. तो रोज अभिप्रायाची वही बघायचा. दुधीची भाजी असली की वहीत लिहिलेलं असायचं, ‘छान, उत्तम’. मग तो पुढच्या आठवड्यात पुन्हा दुधी करायला सांगायचा. मी वही कशी बघणार? तेव्हा वाचता कुठे येत होतं. मी खरकट्याचा ड्रम बघायची. ड्रम दुधीने भरलेला असायचा.”

दोघी-तिघी हसल्या. कशाकडे चाललंय ते अजून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

“काल मी कपाट बघितलं. सत्ताविसाव्या पानावर बसचं तिकीट आहे. चौदाव्यावर गोळ्यांची पट्टी. एका पुस्तकात एकविसाव्या पानावर मुंजीची पत्रिका. माझं स्वतःचं पुस्तक एकोणिसाव्यावर अडकलंय, तीन महिने. मला वाटत होतं माझी अक्षरं चालली. आता वाटतं, पोट भरलेल्याला वाढत राहिलं की असंच होतं. एकतिसाव्या पानावर शिंप्याची पावती...”

“सापडली?” सुमनताई ताडकन उठल्या. “कुठे आहे? मेला पावती दाखवल्याशिवाय ब्लाउज देत नाही म्हणतो! दोन महिने झाले, भाचीचं लग्न उरकलं जुन्या ब्लाउजवर...”

आणि मग त्या थांबल्या.

“गोळ्यांची पट्टी माझी,” मागून कुणीतरी म्हणालं. “ॲसिडिटीची. ते पुस्तक वाचूनच झाली होती.”

मग काही आवरलं नाही. तिकीट कुणाचं, पत्रिका कुणाची, सगळं बाहेर आलं. एकीने सांगितलं, की तिचे अभिप्राय मुलगा फोनवरून उतरवून देतो. दुसरी म्हणाली, “अगं, माझापण!” मघाशी दोघींनी वेगवेगळ्या पुस्तकांबद्दल ‘मन हेलावून गेलं’ असं अगदी तशाच शब्दांत सांगितलं होतं, ते तेव्हा कुठे आम्हाला कळलं.

सुमनताई खाली बसल्या नाहीत. डस्टर घेऊन फळ्यापाशी गेल्या. हसणं थांबलं. माझं नाव खालून दुसरं होतं.

“नियम मी केलाय,” त्या फळ्याकडे बघतच म्हणाल्या. “पुस्तक पूर्ण वाचून अभिप्राय. नाहीतर नाव पुसायचं.”

“बरोबर आहे, ताई,” मी म्हटलं.

“मग सुरुवात वरून करायला लागेल.” सगळ्यात वर त्यांचंच नाव होतं. त्यांनी त्यावर डस्टर टेकवलं, पण पुसलं नाही. जरा वेळाने हात बाजूला सरकवला आणि नावापुढची चार पुस्तकं पुसली. मग खालच्या बाईची, तिच्या खालची, असं करत सगळ्यांची पुस्तकं पुसून टाकली. नावं तेवढी राहिली.

“शेवटच्या प्रकरणाला मी रडले होते ना, मंजुळाबाई?” त्या हळूच म्हणाल्या.

“हो, पाऊण तास बोलून झाल्यावर.”

“खरंच रडू येत होतं हो. इतकं बोलायचं आणि वाचलेलं काहीच नाही, याचंच.” मग शाळेतला आवाज काढून म्हणाल्या, “चला, एप्रिलचं आजच लिहून घेऊ. मंजुळाबाई, तुमच्यापुढे काय?”

“वीस.”

“परत सुरू झालात का? वीस पुस्तकं?”

“विसावं पान.”

त्यांनी मार्कर उघडला, पण मी खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेले आणि तो त्यांच्या हातातून घेतला. हे मलाच लिहायचं होतं.