सात किलोमीटर आणि वर थोडं

नवा टायर घ्यायला गेलात तर दुकानाचं पुढचं काचेचं दार उघडतं, कोणीतरी पाणी विचारतं आणि बसायला खुर्ची देतं. फाटलेला टायर घेऊन गेलात तर मागच्या बाजूने जायचं. तिथे जॅकचा खडखडाट, फरशीवर तेलाचे डाग आणि एका कोपऱ्यात क्लेमचं टेबल. हा भेद मला त्या दिवशी कळला. मी टायर ढकलत मागच्या बाजूने गेले आणि काका माझ्या मागून धापा टाकत आले.

वॉरंटी सेल्समनने गळ्यात मारली होती. खिळा, काच, सळई, खड्डा, रस्त्यावरचं काहीही लागून टायर फाटला तर नवा देऊ, असं तो तेव्हा तोंडभरून सांगत होता. रोड हॅझर्ड वॉरंटी म्हणे. नाव ऐकूनच मला वाटलं होतं की आता रस्ता माझं काही वाकडं करू शकत नाही. एक अट मात्र त्याने सांगितली नव्हती, किंवा सांगितली असली तरी इतक्या घाईत की ती माझ्या डोक्यावरून गेली. हवा गेल्यावर गाडी जागच्या जागी थांबवायची. तशीच पुढे चालवली तर वॉरंटी संपली, कारण रिकाम्या टायरवर गाडी चालली की तो आतून स्वतःलाच खातो.

आणि मी चालवली होती.

माझी व्हॅन डायलिसिस सेंटरला लावलेली आहे. पेशंटना घरून आणायचं, चार तास थांबायचं, परत सोडायचं. आधी नवरा चालवायचा. त्याच्या मणक्याने दगा दिला तेव्हापासून तो फळीच्या पलंगावर आडवा आहे आणि स्टिअरिंग माझ्या हातात आलं आहे. घर त्या फेऱ्यांवर चालतं. दुसरं काही नाही, असतं तर इथे सांगितलं असतं.

काका माझे नेहमीचे पेशंट, एक दिवसाआड. आयुष्यभर वीज कंपनीत मीटर वाचले. घरोघर फिरून, कुत्र्यांना चुकवून, आणि एका युनिटचा फरक कधी केला नाही ही त्यांची फुशारकी. गाडीत बसले की आधी माझ्या गाडीचा मीटर मोठ्याने वाचायचे. मी चिडवायचे, "काका, बिल पाठवणार आहात का?" ते म्हणायचे, आकडा डोळ्यांसमोर असताना न वाचणं म्हणजे आळस.

त्या सकाळी बाकीच्यांना सोडून मी काकांसाठी दुसरी फेरी केली. आदल्या वेळची त्यांची डायलिसिस तापामुळे चुकली होती. अंगात पाणी साठलं होतं, पाय सुजले होते, आणि बोलताना दर दोन शब्दांनी दम घ्यावा लागत होता. पुलाचं काम चाललंय तिथे कोणीतरी सळईचे तुकडे रस्त्यावर टाकून ठेवले होते. मागच्या डाव्या चाकातून फस्स आवाज आला आणि गाडी एका बाजूला बसली. मी आरशात काकांकडे पाहिलं. त्यांचे ओठ निळसर दिसत होते. जॅक काढायचा, नट सैल करायचे, स्टेपनी लावायची, तेवढ्यात या माणसाचं काय होईल ते मला दिसत होतं. मी गाडी थांबवली नाही. चाक धडधडत राहिलं आणि जळक्या रबराचा वास थेट सेंटरच्या फाटकापर्यंत आमच्यासोबत आला.

काका वाचले. सेंटरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. मला बरं वाटलं, आणि ते तासभर टिकलं. मग मी स्टेपनी लावली, आणि ती लावताना सेंटरच्या मॅनेजरने पाहिलं. स्टेपनीची अवस्था अशी होती की रबर झिजून आतल्या तारा बाहेर आल्या होत्या. माणूस वाईट नाही तो, पण नियमाचा पक्का. या चाकावर पेशंट बसवायचा नाही, म्हणाला. परवाच्या फेरीला नवा टायर दिसला पाहिजे, नाहीतर तो फेऱ्या दुसऱ्या गाडीला देणार. एकदा दिल्या की परत मिळत नाहीत, हेही त्याने सांगून टाकलं.

नवा टायर विकत घेण्याइतके पैसे नव्हते. उसने मागायची सगळी दारं नवऱ्याच्या मणक्याने आधीच झिजवून ठेवली होती. म्हणून वॉरंटी.

मी फाटका टायर खोलीत आणला आणि पलंगाला टेकवून उभा केला. नवऱ्याने झोपल्या झोपल्या आत हात घातला. बाहेर काढला तेव्हा बोटं काळ्या भुग्याने भरली होती. तो बराच वेळ बोटांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, ओलं फडकं आण. मी आणलं. त्याने टायर फिरवत धरला आणि मी आतून पुसत गेले, कोपरापर्यंत हात काळे झाले तरी पुसत गेले. बाजूला रिमने घासल्याची एक वर्तुळाकार रेघ उठली होती, तिच्यावर त्याने बुटाचं पॉलिश लावलं. लग्नाआधी आम्ही एकमेकांना भेटायला चोरून जायचो, त्यानंतर दोघांनी मिळून केलेली ही पहिलीच लबाडी. आम्ही हसलो नाही.

एकच वाक्य पाठ करून जा, तो म्हणाला. हवा गेली, गाडी थांबवली. पुढे काही विचारलं तर परत तेच. आणि काकांना सोबत घे, म्हातारा आजारी माणूस समोर असला की लोक नरमतात.

ही कल्पना त्याची, पण ती उचलून धरली मी. काकांचं घर दुकानाच्या मागच्याच गल्लीत होतं, त्यामुळे त्यांना गाडीत बसवायचीही गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी मी बोलावल्याबरोबर ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार. साक्षीला यायचं म्हणून त्यांना आनंद झाला होता. मी त्यांना एवढंच सांगितलं, की मी बोलेन, तुम्ही फक्त बसा. खोटं बोलणार आहे हे सांगायला जीभ रेटली नाही. त्यांच्यासारख्या माणसाला ते सांगणं म्हणजे त्यांच्यासमोर कपडे काढण्यासारखं वाटलं.

क्लेमवाला चाळिशीचा होता, डोळ्यांखाली काळं, शर्टाच्या खिशात टायरची जाडी मोजायचं छोटं गेज. त्याने टायर उभा केला, आडवा केला, गेज लावलं, मान डोलावली. टायर अजून नव्यासारखा होता. सळई घुसलेलं भोक पाहिलं. मग टॉर्च घेऊन आत डोकावला. त्याने आत बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं.

मला विचारलं, हवा गेल्यावर काय केलं. मी म्हणाले, हवा गेली, गाडी थांबवली.

तो म्हणाला, आत किंचित भुगा आहे. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खुर्चीत बसलेल्या काकांकडे, त्यांच्या सुजलेल्या हातावरच्या पट्टीकडे. बाजूला घेईपर्यंत थोडी चालली असेल, एवढं चालतं, असं तो स्वतःशीच म्हणाला आणि पेन उचललं. मी आयुष्यात कोणाच्या पेनकडे इतक्या आशेने पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात काका उठले. खुर्चीच्या पाठीला धरून, सावकाश, पण उठले.

"साहेब, हिचं कौतुक करायला आलोय मी," ते म्हणाले. "नुसतं थोडी चालली असं लिहू नका. मी मागे जीव धरून बसलो होतो, आणि या मुलीने गाडी थांबवली नाही. फुटक्या चाकावर मला सेंटरपर्यंत नेलं. सात किलोमीटर आणि वर थोडं. मी मीटर पाहत होतो."

मागे कुठेतरी चाकाचे नट आवळणारं मशीन घरघरत होतं, ते तेवढ्यात थांबलं. क्लेमवाल्याने पेन खाली ठेवलं नाही. त्याने काकांना माघार घ्यायला वाट करून दिली, हे मी विसरणार नाही.

"आजोबा, तुम्हाला बाजूला घेईपर्यंत म्हणायचं आहे ना? आजारपणात माणसाला अंतराचा अंदाज राहत नाही."

काकांना हे लागलं. जन्मभर आकडे वाचलेल्या माणसाला अंदाज म्हणणं म्हणजे अपमानच. त्यांनी पुलापाशी मीटरवर काय होतं आणि फाटकापाशी काय होतं ते दोन्ही आकडे सांगितले, वजाबाकी केली, आणि मान ताठ करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत इतकी माया होती की मला त्यांचं तोंड हाताने दाबून बंद करावंसं वाटलं.

क्लेमवाला हळू आवाजात मला म्हणाला, "ताई, आता मी ऐकलं आहे."

बस, एवढंच. त्याने फॉर्मवर शिक्का मारला, नामंजूरचा. नव्या टायरवर थोडी सूट देता येईल असं म्हणाला. मला हसू आलं, आणि ते हसू रडण्याच्या इतकं जवळ होतं की मी टायर उचलायला खाली वाकले.

काकांना शिक्का दिसला होता, त्यावरची अक्षरं दिसली नव्हती. चष्मा घरी राहिला होता. बाहेर पायरीवर बसून त्यांनी दम घेतला आणि विचारलं, "नीट सांगितलं ना मी?"

"हो काका," मी म्हणाले. "झालं काम."

"मग हा फाटका कशाला परत नेतेस?"

मी म्हणाले, नवा उद्या येणार, तोवर हा आपल्याकडेच ठेवायचा. सकाळपासून एका खोट्याचा सराव करून गेले होते, दुसरं आपोआप आलं. ते खूश झाले. घराकडे वळताना दोनदा मागे पाहून हात केला.

मी व्हॅनमध्ये बसून मॅनेजरला फोन लावला. एक दिवस द्या, म्हणाले. पाया पडायचं बाकी ठेवलं होतं, तेही फोनवर जेवढं जमतं तेवढं केलं. तो म्हणाला की उद्याची दुसरी गाडी ठरली आहे, पुढचं नंतर बघू. बघू म्हणजे काय हे मला कळत होतं. घरी गेल्यावर नवऱ्याने विचारलं नाही. टायर परत आलेला त्याला दिसला. त्याने तोंड भिंतीकडे केलं आणि मला त्याचाही राग आला, काकांचा आला, त्या सळईचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा आला. मी भांडी आपटत राहिले. त्यात एका पेल्याला पोचा पडला, बाकी काही झालं नाही.

सकाळी फोन वाजला. काका होते.

"मी खाली उभा आहे. कुठवर आलीस?"

मी विचारलं, दुसरी गाडी आली नाही का. आली होती, ते म्हणाले, त्यांनीच तिला परत पाठवलं. "म्हटलं, आमची गाडी येतेय, नवा टायर मिळालाय. तुझ्या फेऱ्या कोणी पळवायला नकोत." मध्येच त्यांना दम लागला.

मी लगेच नवऱ्याच्या फोनवरून मॅनेजरला विचारलं. ती गाडी पुढचे पेशंट घेऊन गेली होती, परत यायला दुपार होणार होती. काका फोनवर तसेच थांबले होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"काका, टायर मिळाला नाही."

"का?"

सगळा राग ओठांवर आला. "तुम्ही सात किलोमीटर सांगितलंत म्हणून. हवा गेल्यावर चालवली तर देत नाहीत ते. मी थांबले असं सांगितलं होतं."



"मला आधी सांगायचं होतंस, पोरी," ते म्हणाले. "मी आलोच नसतो." आणि थोड्या वेळाने, "आज राहू दे. परवा बघू."

परवा काय होईल हे मी एकदा आरशात पाहिलं होतं. मी म्हणाले, "तिथेच उभे राहा. हलू नका," आणि किल्ली उचलली.

नवरा पलंगावरून सगळं ऐकत होता. मला वाटलं, तो अडवेल. तो म्हणाला, "चाळीसच्या वर जाऊ नको. वळणावर जोरात ब्रेक दाबू नको."

काका पुढच्या सीटवर बसले. त्यांनी पट्टा लावला, दाराचं हँडल धरलं आणि सबंध रस्ता समोर पाहत राहिले. पुलाच्या कामापाशी मी इतकी हळू गेले की मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले. मला फक्त डाव्या मागच्या बाजूचा आवाज ऐकू येत होता. टायर टिकला. देवाची कृपा म्हणा किंवा त्या तारांची.

सेंटरच्या फाटकात मॅनेजर उभा होता. काकांची खुर्ची रिकामी राहिली म्हणून तो बाहेर आला असावा, कारण आम्हाला पाहून आधी त्याचा चेहरा सैलावला. मग त्याची नजर खाली गेली. मी उतरून काकांचं दार उघडलं, त्यांना हाताला धरून उतरवलं. आता लपवण्यासारखं काही नव्हतं आणि माझ्यात ताकदही नव्हती.

"टायर बदलला का?" मॅनेजरने मला विचारलं.

"बदलला," काका म्हणाले.

मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते आणि ते दोघांपैकी कोणाकडेही पाहत नव्हते.

"नवीन आहे," ते म्हणाले. "मी स्वतः पाहिला."

मॅनेजर तोवर चाकापाशी खाली बसला होता.