पहिल्याला माफी

मी पांग सुनरे. योंगसानच्या कॉम्प्युटर बाजारात, तेसोंग इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर सत्तावीस वर्षं माझं दुकान आहे. आधी नवरा आणि मी, आता नुसती मी. हल्ली या मजल्यावर माझ्याशी कोणी बोलत नाही. गद्दार म्हणतात मला. गद्दारी कोणी केली ते मला ठाऊक आहे, आणि ते गिळून गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही.

आमच्याकडे सकाळी बरोबर दहाला फोनवर निरोप यायचा, 'आजचा भाव', आणि खाली चार आकडे. पाठवणारे कू बोन्चिल. सगळे त्यांना अध्यक्ष म्हणतात, कारण बाजाराच्या संघटनेचे ते चौदा वर्षं अध्यक्ष आहेत, आणि अर्ध्या इमारतीला रॅमच्या पट्ट्या त्यांच्याच गोदामातून येतात. त्या भावाखाली कोणी विकायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नव्हतं. एखाद्याने खाली विकलंच, तर अध्यक्ष कागदी कपातली गोड कॉफी त्याच्या हातात देऊन विचारायचे, "पुढच्या आठवड्यात माल लागतो ना रे?" तेवढ्याने काम व्हायचं.

पूर्वी त्याचं कोणाला काही वाटत नसे. भाव चार दिवस वर, चार दिवस खाली. पण गेल्या शरदात चुसोकच्या सणानंतर आकडे चढायला लागले ते थांबेचनात. चाळीस हजार वॉनची पट्टी नव्वदला गेली, मग दीड लाखाला. गिऱ्हाईक आलं की आम्ही हात वर करायचो. "आम्ही काय करणार? वरून कंपन्यांनीच वाढवलाय." मग एके दिवशी टीव्हीवर बातमी आली, की चिप बनवणाऱ्या कंपन्यांनी संगनमताने भाव चढवल्याचा संशय आहे आणि बाजारावर नजर ठेवणारा सरकारी आयोग चौकशी करतोय. आम्ही सात-आठ दुकानदार तेव्हा अध्यक्षांच्या गाळ्यात किमचीचा रस्सा आणि भात खात होतो.

"लुटारू आहेत लेकाचे!" माझ्या शेजारचा दुकानदार ब्योन चमचा आपटत म्हणाला. "काचेच्या इमारतीत बसून गरिबाची मान कापतात."

"एकेकाला आत घाला," मी म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं.

अध्यक्ष हसले. "सुनरे, तुझ्या मागच्या खोलीतला माल नीट झाकून ठेव हं. फेब्रुवारीत दोन लाख होतील."

सगळे हसले. मीही हसले. माझ्या मागच्या खोलीत ऑगस्टमध्ये अडतीस हजाराने घेतलेल्या दोनशे पट्ट्या होत्या. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच, आणि त्यात माझाही आवाज होता.

दुसऱ्या दिवशी थाक सर आले. निवृत्त शिक्षक, आमचे वीस वर्षांचे गिऱ्हाईक. मोहल्ल्याच्या केंद्रात ते म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवतात. दवाखान्याची वेळ कशी घ्यायची, हॉटेलातल्या त्या मेल्या पडद्यावर बोट दाबून जेवण कसं मागवायचं, असलं सगळं. केंद्राची बारा यंत्रं रखडत चालत होती. बारा पट्ट्या हव्या होत्या. मी आकडा सांगितला.

"मालकीणबाई, केंद्राने दिलेल्या पैशांत तर तीनच येतील."

"कंपन्यांनी वाढवलाय हो, सर. आम्ही काय करणार?"

ते खिन्न झाले. दोन मजले चढून दमले होते, म्हणून मी म्हटलं, मागच्या खोलीत स्टूल आहे, घ्या. हीच माझी चूक. ते आत गेले आणि लवकर बाहेर येईनात. आले तेव्हा हातात स्टूल नव्हतं.

"खोक्यांवर ऑगस्टची तारीख आहे," ते म्हणाले.

मी काउंटरवरची बिलं उगाच सारखी करायला लागले.

"इतके दिवस मला त्या कंपन्यांचा राग येत होता," असं म्हणून त्यांनी टोपी घातली आणि ते निघून गेले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दिवसभर मला स्वतःची इतकी चीड येत होती की एक चांगला स्क्रू-ड्रायव्हर मी भिंतीवर फेकून मोडला.

आयोगाचा नियम बाजारात सगळ्यांना तोंडपाठ आहे. भाव ठरवणाऱ्या टोळीतला जो सगळ्यात आधी स्वतःहून जाऊन पुराव्यासकट कबूल करेल, त्याला पूर्ण माफी, आणि त्याचं नाव गुप्त. बाकीच्यांना दंड. माझ्याकडे तीन वर्षांचे 'आजचा भाव' फोनमध्ये होते. मला स्वच्छ व्हायचं होतं, आणि दुकानही वाचवायचं होतं. खोटं कशाला सांगू, दोन्ही हवं होतं.

शहाणी असते तर तशीच उठून मेट्रो पकडली असती. पण आमच्यात थोरल्याला न सांगता असं काही करत नाहीत. आणि कू अध्यक्ष नुसते थोरले नव्हते. नवरा गेला तेव्हा अंत्यविधीच्या दालनात तिन्ही दिवस हा माणूस दाराशी उभा होता. लोक सांत्वनाचे पैसे घालून देतात ती पांढरी पाकिटं त्यांनीच घेतली, आल्यागेल्याला जेवायला त्यांनीच बसवलं. मी रडायला मोकळी राहिले ती त्यांच्यामुळे. खाल्ल्या मिठाला जागायचं म्हणून मी नाजू गावच्या नासपतींची पेटी घेतली, चांगली मोठी फळं निवडून, आणि त्यांच्या गाळ्यात जाऊन वाकून नमस्कार केला.

"अध्यक्ष, मला आता हे जमत नाही. मी आयोगाकडे जाणार. तुमच्या पाठीमागून जायचं नाही, म्हणून आधी तुम्हाला सांगायला आले."

त्यांनी पेटी उघडली. मग त्यांनी स्वतः नासपती सोलली, एक फोड माझ्या हातात दिली.

"बरोबर बोललीस, पोरी," ते म्हणाले. डोळ्यांत पाणीसुद्धा होतं. "मलाही हल्ली जेवण जात नाही. एक दिवस दे मला. उद्या सगळ्यांना बोलावतो, आणि परवा आपण मिळून जाऊ. एकटीने कशाला जायचं?"

मी एक दिवस दिला. दुसऱ्या दिवशी बैठक काही झाली नाही. रक्तदाब वाढलाय, दवाखान्यात आहेत, असा त्यांच्या गाळ्यातून निरोप आला. मला काळजी वाटली! आजाऱ्याला पाठवतात तशी मी माणसाबरोबर पातळ खीर पाठवली, पाइन नट्स घालून.

तिसऱ्या दिवशी मी एकटीच गेले. आयोगाच्या खिडकीशी चष्मा लावलेली एक मुलगी होती. माझं म्हणणं ऐकून तिने पडद्यावर पाहिलं.

"या प्रकरणात अर्ज आधीच आलाय, काकू."

"कधी?"

"काल सकाळी. नऊ वाजून चार मिनिटांनी."

"कोणाचा?"

"नाव सांगता येत नाही."

नाव हवं होतं कोणाला? मी जाणार हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. मी तिला म्हटलं, "जो टोळी चालवतो, दमदाटी करतो, त्यालाच माफी?"

"दमदाटी करणाऱ्याला माफी नसते, पण ती लेखी आहे का?"

"नाही. कॉफी पाजताना करतात."

तिला वाईट वाटलं असावं. तिने पाण्याचा पेला पुढे केला. मी तो घेतला नाही. ती खीर त्याने खाल्ली असेल, हेच माझ्या डोक्यात बसलं होतं.

दोन महिन्यांनी तीस दुकानांना दंडाच्या नोटिसा आल्या. ब्योनला आली, मला आली. कू अध्यक्षांनीही हातात एक लिफाफा फडकावला. आत काय होतं कोणी पाहिलं? मग बाजार फितूर शोधायला लागला. ब्योनच्या मेव्हण्याने मला आयोगाच्या पायऱ्या उतरताना पाहिलं होतं. संघटनेच्या बैठकीत ब्योन माझ्याकडे बोट दाखवून ओरडायला लागला, तेव्हा अध्यक्ष उभे राहिले.

"कोणाचं नाव घेऊ नका," ते मऊ आवाजात म्हणाले. "नवरा नाही, एकटी बाई आहे. घाबरली असेल बिचारी. माफ करा तिला."

केसाने गळा कापणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मी ओरडून सांगितलं, "पहिले गेले ते हेच!" कोणी विश्वास ठेवला नाही. चौदा वर्षांचे अध्यक्ष कुठे आणि मी कुठे! चोर सोडून संन्याशाला फाशी, असं म्हणवत नाही, कारण संन्याशीण मीही नव्हते. दंड मला मान्य आहे, तो मी भरणार. पण गद्दार?

दुसऱ्या दिवसापासून मला माल बंद. फोनवरचा निरोप आता येत नाही, पण कॉफीच्या यंत्रापाशी अध्यक्ष बोटं वर करतात आणि सगळे समजतात. माफी घेऊन आलेला माणूस तोच धंदा पुन्हा करतोय, आणि ज्यांना त्याने बुडवलं तेच त्याच्यासाठी यंत्रात नाणी टाकतायत.

गेल्या सोमवारी मी खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि जाड पेनाने लिहिलं: 'खरेदी अडतीस हजार, ऑगस्टमध्ये. विक्री त्रेचाळीस हजार. एका माणसाला बाराच.' तो दारावर टांगला आणि थाक सरांना फोन केला. ते आले. आधी पुठ्ठा वाचला, मग मागच्या खोलीत गेले, आणि या वेळी स्टूल घेऊन आले. अकरा वाजेपर्यंत रांग जिन्यापर्यंत गेली होती. ब्योन दारात उभा राहून नुसता बघत होता. त्याच्या दुकानात तोच माल दीड लाखाला पडून होता.

मग अध्यक्ष आले. रांगेतून वाट काढत, हातात दोन कप.

"सुनरे, काढ तो पुठ्ठा," त्यांनी हसत एक कप पुढे केला. "सगळा बाजार मरेल. लोक तुला काय म्हणतील?"

"गद्दार म्हणतील," मी म्हटलं, रांगेतल्या शेवटच्या माणसाला आणि ब्योनलाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "ते नाव खरं तुम्ही कमावलंत ना, अध्यक्ष, आयोगाच्या खिडकीशी? नऊ वाजून चार मिनिटांनी."

त्यांच्या हातातली कॉफी सांडली. ब्योनने आधी ती पाहिली, मग त्यांचं तोंड पाहिलं.

"रांगेत नसाल तर बाजूला व्हा," मी म्हटलं, आणि थाक सरांच्या बारा पट्ट्या पिशवीत भरल्या.