रविवारचा झटका

"तूच तं हो म्हटलं वं," आई म्हणाली. "काल दुपारी खाप्याहून फोन आला, तू पोराशी बोलली, हो म्हटलं, अन् लगेच तुले झटका आला. आता आठवून नाही राहिलं तं आम्ही काय करू?"

पोरगा म्हणजे खापा गावचा अंकुश, माझ्यासाठी आलेलं स्थळ. येत्या गुरुवारी साक्षगंध, म्हणजे आमचा साखरपुडा, करायचं ठरलं होतं, आणि ही बातमी मला सोमवारी सकाळी चहासोबत मिळाली. माझ्या आठवणीप्रमाणे रविवारची दुपार मी झोपून काढली होती.

माझ्या आठवणीप्रमाणे. हे मला नेहमी जोडावं लागतं. नववीपासून मला मिरगी आहे. झटका सुरू असताना मेंदूतला आठवणी साठवणारा भाग कामच करत नाही, त्यामुळे कितीही ताण दिला तरी ते आठवणार नसतं. कधी कधी त्याआधीचा वेळही जातो. तेवढ्या वेळापुरती मी घरच्यांच्या शब्दावर जगते. मैत्रीण प्रीतीच्या लग्नात झटका येण्याआधी मी खूप नाचले, असं ते सांगतात, मी मानते. बी.एस्सी.ला प्राणिशास्त्र होतं, म्हणून हे सगळं मला समजतं. समजल्यानं काही परत येत नाही.

त्यामुळे हेही मी मानूनच टाकलं होतं. मग चहाचा घोट घेतला. कढत होता, पण जिभेला झोंबला नाही.

मोठा झटका आला की माझी जीभ डाव्या कडेला चावली जाते. दर वेळी. पुढं आठवडाभर तिखट खाता येत नाही.

"कुठं पडली मी?"

"सैपाकघरात. मंग उचलून झोपवलं तुले."

"तू इन्स्पेक्टर झाली का वं?" मोबाइलमधून मान वर न काढता माझा भाऊ रजत म्हणाला.

"तोंडातून रक्त आलं होतं, आई?"

"अवं, किती आलं!" आईचे डोळे भरून आले. "थांबेचना. माह्या पदरानं पुसलं."

मी जीभ बाहेर काढली. खिडकीच्या उजेडात तिच्यासमोर वळवून धरली. कुठंही साधा ओरखडा नव्हता.

रजतनं मोबाइल खाली ठेवला. "मिरगीवाल्या पोरीले कोन करून घेते? पोराच्या घरी सांगितलंच नाही आम्ही. तू बोलली असती तं सगळं बकून टाकलं असतं."

"म्हणून मले झटका आणला तुम्ही?"

"तुह्याच भल्यासाठी केलं," आई म्हणाली. "तसंही तुले कुठं काय आठवते?"

खरे झटके मला पुरेसे होते. यांनी एक घरी बनवला आणि त्यात माझा होकार कोंबला. माझ्या आजाराचा असा उपयोग कुणी करू शकेल हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आणि मागचं सगळं? प्रीतीच्या लग्नात मी खरंच नाचले का, हे आता कुणाला विचारू?

आईचा फोन टेबलावर होता. त्यातून अंकुशचा नंबर लावला आणि स्पीकर सुरू केला.

"मी भूमिका बोलतेय. मला मिरगी आहे, गोळ्या सुरू आहेत. तुम्हाला हे कुणी सांगितलेलं नाही. आणि मी लग्नाला हो म्हटलेलं नाही."

तो म्हणाला, "पण काल फोनवर तुम्हीच होत्या ना? तुम्ही नव्हत्या, तर मग कोण होतं?"

रजत फोन हिसकावायला उठला. त्याआधी मी तो आईच्या हातात दिला.

"सांग त्याले," मी म्हटलं. "तुले तं सगळं आठवते."