लाल दोरीतले सहा कॉम्प्युटर

कपडे शिवायच्या कारखान्यात कापणीच्या टेबलाशी चौतीस वर्षं उभं राहिलेल्या मास्तरांना दोनच गोष्टी कधी कळल्या नव्हत्या. एक म्हणजे, इतक्या मापानं कापून दिलेल्या बाह्या लोक दुमडतात कशाला. आणि दुसरी, आपली मुलगी नक्की करते काय. पहिलीचा त्यांना राग होता, दुसरीची खंत.

मुलीला घरात चिमी म्हणत. चिमी एका मोठ्या संस्थेत संशोधन करायची, लहान मुलांच्या सांध्यांच्या कुठल्याशा दुखण्यावर औषध शोधायची. फोनवर ती उत्साहानं सांगायची, "बाबा, आमचं ते प्रथिन आहे ना..." आणि मास्तर म्हणायचे, "हो हो, बरोबर." सातवीत शाळा सुटलेल्या माणसानं आणखी काय म्हणायचं? मग फोन ठेवून ते उगाचच पाणी प्यायचे.

पण वर्षापूर्वी तिनं एक गोष्ट सांगितली आणि ती मात्र त्यांच्या डोक्यात चपखल बसली. आमचं गणित एवढं मोठं आहे की एकटा कॉम्प्युटर म्हातारा होईल, ती म्हणाली. म्हणून आम्ही त्याचे तुकडे करून लोकांना वाटतो. ज्याचा कॉम्प्युटर रिकामा बसला असेल, तो एक तुकडा सोडवतो आणि उत्तर परत पाठवतो. मास्तरांना रिकामं बसलेलं कुणीच बघवत नसे, मग ते यंत्र का असेना. ते तडक कारखान्याच्या मालकीणबाईंकडे गेले. बाई बटणं निवडत होत्या. "दुपारी आपले कॉम्प्युटर नुसतेच असतात, मुलीच्या कामाला लावू का?" मास्तरांनी विचारलं. "लावा की," बाई म्हणाल्या आणि पुढचं बटण उजेडात धरलं.

नमुन्यांच्या खोलीत सहा कॉम्प्युटर होते. डॉक्टरांचे कोट, शाळांचे गणवेश, बेकरीतल्या कामगारांचे ॲप्रन, जे शिवायचं असेल त्याचे भाग कापडावर कसे बसवायचे ते आधी पडद्यावर बसवून बघायचं, म्हणजे चिंध्या कमी पडतात. चिमीनं फोनवरून एकेक पायरी सांगत तिचा प्रोग्रॅम सहाही ठिकाणी घालून घेतला. तेव्हापासून जेवणाची सुट्टी झाली की पडद्यांवर रंगीत गुंतवळ गोल गोल फिरू लागे आणि खाली टक्के वाढत जात. मास्तर डबा मांडीवर घेऊन तिथंच बसत. लेकीच्या कामाला आपलाही हात लागतोय, हे सुख त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं. फक्त घरी गेल्यावर सांगत, "आज सात तुकडे गेले." बायको म्हणायची, "तुकडे कसले मोजताय? ती जेवली का ते विचारा."

असं छान चाललेलं असताना सोमवारी कॉम्प्युटरवाला आला आणि नवा अँटिव्हायरस घालून गेला. मंगळवारी मास्तरांनी डबा उघडला आणि सहाच्या सहा पडदे लालभडक झाले. 'धोका! हा प्रोग्रॅम तुमच्या नकळत दुसऱ्याचं काम करत आहे. त्याला कोंडून ठेवलं आहे.' मास्तरांचा घास हातातच राहिला.

त्यांनी फोन लावला. "कशाला हात लावू नका," कॉम्प्युटरवाला म्हणाला. "शनिवारी येतो आणि मुळापासून पुसून टाकतो. परत घालताच येणार नाही असा बंदोबस्त करतो."

मास्तर खुर्चीत बसून राहिले. पुसला तर पुसला, जग बुडत नव्हतं. चिमीला दुसरी यंत्रं मिळालीच असती. पण मास्तरांना चिमीच्या कामात शिरायला दुसरी वाट नव्हती, आणि हे त्यांना फार लागलं.

तेवढ्यात चेकर मावशी कात्री शोधत आत आल्या. कारखान्यात मालकीणबाईंचं नाव पाटीवर होतं, पण राज्य मावशींचं. खिडकीपाशी बसून त्या तयार माल तपासत आणि खोट दिसली की लाल दोरी बांधून बाजूला टाकत. एकदा त्यांनी तीनशे कोट खिसा तिरका म्हणून नापास केले होते. निम्मे उसवून झाल्यावर कळलं, गिऱ्हाईक डॉक्टरनं खिसा मुद्दाम तिरका मागितला होता, वाकलं की हत्यारं पडू नयेत म्हणून. त्या दिवसापासून मावशींनी स्वतःलाच नियम घालून घेतला. दोरी बांधलेला माल बनवणाऱ्याशी खिडकीच्या उजेडात समोरासमोर बोलल्याशिवाय उसवायचा नाही. हा नियम मोडायची मालकीणबाईंचीही छाती नव्हती.

मावशींनी सहा लाल पडदे पाहिले. वाचले. मग खिशातून रीळ काढलं आणि प्रत्येक कॉम्प्युटरच्या मानेला एकेक लाल दोरी बांधून मोकळ्या झाल्या.

"अहो मावशी, हे कोट नाहीत!"

"कुणीतरी नापास केलाय ना? मग नापास माल तो नापास माल. बनवणाऱ्याला बोलवा."

"बनवणारी माझी मुलगी आहे. ती मोठ्या संस्थेत असते, तिला कुठं..."

"मोठ्या संस्थेतल्यांना बाप नसतो का?" मावशी म्हणाल्या आणि कात्री घेऊन गेल्या.

गुरुवारी मास्तरांनी तीन वेळा नंबर लावून कापला आणि चौथ्यांदा लागू दिला. "शनिवारी येते," चिमी म्हणाली. एवढंच! मास्तर उगाचच तीन दिवस वाक्यं जुळवत बसले होते, ती सगळी वाया गेली.

शनिवारी कॉम्प्युटरवाला आला आणि दोऱ्या पाहून दारातच थबकला. "हे काय आहे?"

"नियम आहे," मावशी म्हणाल्या. त्यांनी एक कॉम्प्युटर खिडकीपाशी आणवला होता. चिमी पाठीवरची पिशवीही न उतरवता बाजूला उभी होती. मालकीणबाई आल्या, आणि मास्तर पहिल्यांदा परीक्षेला बसलेल्या पोरासारखे दाराच्या कडेला उभे राहिले.

"आधी तुम्ही बोला," मावशींनी कॉम्प्युटरवाल्याला सांगितलं. "ह्यानं काय चोरलं?"

"चोरलं असं नाही. पण लक्षणं चोराची आहेत. तुम्ही उठून गेलात की हा जोरात कामाला लागतो. बाहेरून काहीतरी आणतो, बाहेर काहीतरी पाठवतो. अँटिव्हायरस असल्या लक्षणांवरूनच ओळखतो."

"मालक उठून गेल्यावरही जोरात काम करतो आणि झालेलं काम पोचवतो," मावशी म्हणाल्या. "आमच्याकडे अशाला गुणी म्हणतात. तसा एक शोधून द्या, मी उद्या कामावर ठेवते."

मालकीणबाई हसल्या, मग एकदम गंभीर झाल्या. "पण मास्तर, माझ्या यंत्रांवर हे चालतंय हे मला कळायला नको?"

"बाई, मी विचारलं होतं. तुम्ही बटणं निवडत होतात."

बाईंनी कपाळाला हात लावला. "बटणं बघताना मी कशालाही हो म्हणते. माझं लग्नही तसंच ठरलं."

"आता तू बोल," मावशी चिमीकडे वळल्या. "आणि मला कळेल असं बोल. प्रथिनबिथिन नको."

चिमीनं एकदा वडिलांकडे पाहिलं. "मावशी, समजा एक गळा आहे. फार वेडावाकडा. त्याला नीट बसेल अशी कॉलर हवी आणि कॉलरी आहेत लाखो. प्रत्येक लावून बघायची, बसली तर ठेवायची. तो गळा म्हणजे रोगाचा, आणि जी कॉलर घट्ट बसेल ती औषध होऊ शकते. हे कॉम्प्युटर दुपारभर कॉलरी लावून बघतात."

मास्तर दारातून दोन पावलं आत आले. कॉलर! वर्षभर पडद्यावर जी गुंतवळ फिरत होती, ती कॉलर होती. ही पोरगी आधी का नाही बोलली? आणि आपण तरी कधी विचारलं?

"आणि कुणी खोटंच उत्तर पाठवलं तर?" मावशी सोडणाऱ्या नव्हत्या.

"एकच तुकडा दोन वेगळ्या ठिकाणी देतो. दोघांचं उत्तर जुळलं तरच घेतो."

"म्हणजे चेकर आहे तुमच्याकडे!" मावशींचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला. "आणि हजारो तुकड्यांची सरमिसळ झाली तर?"

"होत नाही. प्रत्येकावर चिठ्ठी असते. कितवा थर, कितवा तुकडा. ज्या थरातून कापला त्याच थरात परत जोडायचा."

"अगं, हे तर आपलं झालं," मास्तरांच्या तोंडून निघून गेलं. कापडाचे साठ थर एकावर एक घालून कापले की ते स्वतः प्रत्येक भागावर चिठ्ठी लावत, म्हणजे एका कोटाला दोन छटांच्या बाह्या लागत नाहीत.

"तुमचंच आहे, बाबा," चिमी म्हणाली. "शाळा सुटली की मी तुमच्या टेबलाखाली बसायचे आणि तुम्ही मला चिठ्ठ्या लावायला द्यायचात. आमच्याकडे सगळे अडले होते, तुकडे जुळवायचे कसे म्हणून. मी म्हटलं, असे जुळवायचे. सरांनी विचारलं, कुठून शिकलीस? सांगितलं, वडिलांकडून. तुम्हाला वाटतं तुम्ही मला सहा कॉम्प्युटर दिलेत. बाबा, ते सगळं काम चालतंच तुमच्या पद्धतीवर."

 मास्तरांनी गळ्यातली मापाची पट्टी काढली, गुंडाळली आणि परत उलगडली.

कॉम्प्युटरवाला बिचारा वाईट नव्हता. "चोर सोडून संन्याशाला फाशी झाली म्हणायची," तो म्हणाला. "हे पुष्कळांकडे झालंय का?"

"पुष्कळांकडे. तुमच्या अँटिव्हायरसवाल्यांना आम्ही कळवलंय, ते दुरुस्त करतील. तोवर हा ओळखीचा आहे एवढं त्याला सांगून ठेवता येतं."

त्यानं मालकीणबाईंकडे पाहिलं. बाईंनी हातात बटण नसताना, नीट विचार करून मान हलवली. त्यानं चार ठिकाणी टिचक्या मारल्या, मास्तरांच्या जेवणाच्या वेळेआधी बाकीच्या पाच यंत्रांवर जाऊन तेच केलं, आणि गुंतवळ पुन्हा फिरू लागली.

मावशींनी कात्री चिमीपुढे धरली. "पास. आता दोरी ज्यानं बनवलं त्यानं कापायची."

चिमीनं कात्री घेतली आणि वडिलांच्या हातात दिली.

चौतीस वर्षं साठ थरांतून सरळ चाललेला तो हात एका दोरीवर दोनदा हुकला. डोळ्यांपुढचं नीट दिसतच नव्हतं. तिसऱ्यांदा दोरी तुटली, एक टोक बोटभर, एक वीतभर.

मावशींनी ती दोन्ही टोकं उजेडात धरून पाहिली. "तिरकं कापलंत मास्तर," त्या म्हणाल्या. "नापास. राहिलेल्या पाच नीट कापा."